ग्रीक प्रत्यय आणि मराठी परिभाषा : वाद कुठवर आला?

नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदिया-गोरेगावकडून येणारा रस्ता मिळतो तिथे कोहमारा आहे, सडक अर्जुनी तालुक्यात. या परिसरातल्या शाळांत बसणाऱ्या मुलांच्या घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी किंवा छत्तीसगडी यांपैकी काहीही बोलले जात असेल. शाळेत ती प्रमाण मराठी शिकतात, आणि विज्ञानाच्या तासाला, विशेषतः सेमी-इंग्रजीच्या वर्गात, त्यांच्यापुढे चक्क ग्रीक भाषा येऊन उभी राहते. तिला ग्रीक कोणी म्हणत नाही, सगळे इंग्रजीच म्हणतात. पण बायोलॉजी, थर्मामीटर, मायक्रोस्कोप, सोनोग्राफी, अ‍ॅनिमिया, हेपटायटिस या साऱ्या शब्दांचा शेवट ग्रीक आहे, आणि तो शेवट कळला की शब्दाचे निम्मे कोडे सुटते.

या शेवटांचा अर्थ काय, ते आले कुठून, मराठीने गेल्या दोनशे वर्षांत त्यांचे काय केले आणि त्याबद्दलचा वाद आज कुठे उभा आहे, हे एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे. तो गोंदिया जिल्ह्यातून करण्याला कारण आहे. इथून पलीकडे बालाघाटात गेले की जीवशास्त्राचे ‘जीव विज्ञान’ होते आणि मानसशास्त्राचे ‘मनोविज्ञान’. शिवाय ग्रीक-लॅटिन प्रत्ययांना एकेक ठरावीक भारतीय प्रतिशब्द देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग ज्या राज्याच्या आश्रयाने झाला, त्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचाच हा मुलूख आहे.

प्रत्यय कोणते, उत्तरपदे कोणती

सरसकट ‘ग्रीक प्रत्यय’ म्हणून जे ओळखले जातात त्यांत दोन जाती आहेत. पहिल्या जातीतले शेवट मूळ ग्रीकमध्ये स्वतंत्र शब्द होते. ‘-लॉजी’मागे लोगोस आहे, म्हणजे बोलणे, विवेचन, युक्तिवाद. ‘-ग्राफी’मागे ग्राफेइन, लिहिणे किंवा कोरणे. ‘-मीटर’मागे मेत्रोन, माप. ‘-स्कोप’मागे पाहण्याचा धातू, ‘-क्रसी’मागे क्रातोस म्हणजे सत्ता, ‘-फोबिया’मागे फोबोस म्हणजे भय, आणि ‘-एमिया’मागे हाइमा म्हणजे रक्त. मराठी व्याकरणाच्या भाषेत ही समासाची उत्तरपदे झाली. दुसऱ्या जातीतले शेवट मात्र खरेखुरे प्रत्यय आहेत, त्यांना एकट्याने अर्थ नाही: ‘-इझम’, ‘-इस्ट’, ‘-इक’, ‘-आइझ’, ‘-आयटिस’, ‘-ओसिस’, ‘-ओमा’. आपल्याकडच्या तद्धित प्रत्ययांशी त्यांची जात जुळते.

पुढच्या वादांतला बराच गोंधळ हा भेद न पाळल्यामुळे झाला आहे, असे मला वाटते. उत्तरपदाचे भाषांतर होते, कारण तो शब्दच असतो. मापाला माप मिळते, भयाला भय. प्रत्ययाचे भाषांतर होत नाही. त्याचे काम दुसऱ्या भाषेतला कोणता प्रत्यय करतो एवढेच शोधता येते, आणि ते काम शब्दागणिक बदलते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. यांतले बरेच शब्द ग्रीक मालाचे असले तरी ग्रीकांचे नाहीत. ‘बायोलॉजी’ हा शब्द आजच्या अर्थाने १८०२ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने आणि जर्मनीच्या ट्रेव्हिरानुसने एकमेकांपासून स्वतंत्रपणे वापरला. ‘इकॉलॉजी’ १८६६ मध्ये हेकेलने घडवला. त्यात शुद्धतेचा आग्रहही नेहमी पाळला गेला नाही. ऑग्युस्त काँतने रूढ केलेल्या ‘सोशिऑलॉजी’चे पूर्वपद लॅटिन आणि उत्तरपद ग्रीक आहे. ‘सोनोग्राफी’चेही तसेच. ‘सायंटिस्ट’ हा विल्यम ह्यूएलने सुचवलेला आणि १८३४ मध्ये छापून आलेला शब्द लॅटिन अंगावर ग्रीक प्रत्यय चढवून केलेला आहे. अशा संकराला युरोपातही नाके मुरडली गेली, आणि तरी हे शब्द टिकले.

जुने नाते : उसने किती, भाऊबंदकीचे किती

ग्रीक भाषेशी आपला संबंध इंग्रजीमार्फत प्रथम आला असे नाही. कार्ले, जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांची नावे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा यांचा उल्लेख येतो. ज्योतिषातून तर ग्रीक शब्दांचा एक जथाच संस्कृतात उतरला: होरा, केंद्र, द्रेक्काण, जामित्र, लिप्ता, पणफर. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींना क्रिय, तावुरि, जितुम, लेय अशी नावे येतात, ती क्रिओस, ताव्रोस, दिदिमोई, लेओन यांचीच रूपे. मराठीतला ‘दाम’ द्रम्मातून, म्हणजे ग्रीक द्राख्मेतून आला. ‘सुरुंग’ही ग्रीक सिरिंक्सशी जोडला जातो.

या जुन्या उसनवारीत शब्द आले, प्रत्यय आले नाहीत. केंद्र आले आणि त्याला मराठी-संस्कृत प्रत्यय लागून केंद्रीय, केंद्रित, केंद्रीकरण झाले. परका शब्द आत घ्यायचा आणि पुढची घडण आपल्या प्रत्ययांनी करायची, हा रिवाज तेव्हाच पडलेला दिसतो.

काही साम्ये उसनवारीची नाहीत, एका कुळातल्या भाषांची आहेत. मेत्रोन आणि आपल्या ‘माप’, ‘मात्रा’ यांतला ‘मा’ धातू एकाच मुळाचे. ‘ऑक्सिजन’मधला ‘-जन’ आणि आपला जन् धातू सगे. ‘सिनोनिम’मधला ओनोमा आणि आपले नाम, ‘थर्मामीटर’मधला थेर्मोस आणि ज्यातून मराठी ‘घाम’ आला तो संस्कृत घर्म, हेही सगे. आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते ग्रीक ‘-इकोस’ आणि संस्कृत ‘-इक’ हे प्रत्ययही एकाच घराण्यातले आहेत. या शेवटच्या नात्याचा मराठी परिभाषेला मोठा लाभ झाला, त्याकडे पुढे येऊ.

नागपूरपर्यंतचा प्रवास

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले, तेव्हा पाश्चात्त्य विद्या मराठीत सांगताना शब्द नव्याने घडवावे लागत होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आणि कँडीने पुढे नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या काळाची पद्धत सरळ होती: शब्दाचा अर्थ पाहायचा आणि संस्कृतात किंवा बोलीत जे जवळचे सापडेल ते घ्यायचे. ‘जिऑग्राफी’त लिहिणे आहे म्हणून कोणी ‘भूलेखन’ केले नाही. सिद्धान्तग्रंथांत रुळलेला ‘भूगोल’ होताच. ‘टेलिस्कोप’ला फारसीतून आलेली दुर्बीण पुरली. ‘टेलिग्राफ’ची लोकांनी ‘तार’ केली.

ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठीतून वैद्यक शिकवण्याचा वर्ग चालू झाला. तिथे शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांपुढे प्रश्न अधिक कठीण होता, कारण वैद्यकात शब्द सुटे नसतात, त्यांची कुटुंबे असतात. एका ‘-आयटिस’ला शब्द दिला की पन्नास रोगांना तो लावावा लागतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी गुजराती-मराठीतून शास्त्रीय ग्रंथ तयार करवण्याचे काम हाती घेतले, तिथेही हाच पेच होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ मांडली. तिचा रोख प्रामुख्याने फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्दांवर होता. माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक, १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध करणारे. त्यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पुरस्कार केला, हे या वादातले ठळक वळण. १९४८ मध्ये दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ आला.

आणि मग नागपूर. डॉ. रघुवीर यांनी लाहोरची आपली ‘सरस्वती विहार’ ही संस्था फाळणीच्या सुमारास नागपूरला हलवली. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात. हे राज्य हिंदी आणि मराठी असे दुभाषी, म्हणून दोन्ही भाषांना चालेल अशी एकच संस्कृत परिभाषा तिथल्या सरकारला हवी होती. रघुवीरांची पद्धत आधीच्या सर्वांहून वेगळी होती. शब्दाला शब्द देण्याऐवजी त्यांनी घटकाला घटक दिला. उपसर्गाला ठरावीक उपसर्ग, धातूला धातू, प्रत्ययाला प्रत्यय. धातुमूलद्रव्यांच्या शेवटी ‘-इयम’ असेल तर मराठी-हिंदीत ‘-आतु’ येणार, म्हणून सोडियमचे क्षारातु. ऑक्सिजनचे जारक, नायट्रोजनचे भूयाति. एकदा सारणी पाठ झाली की नवा शब्द कोणीही घडवू शकेल, हा त्यामागचा विश्वास. त्यांच्या शब्दांची नंतर जी टिंगल झाली तिने या कल्पनेतले शिस्तीचे बळ झाकून टाकले. युरोपने ग्रीकशी जे केले तेच रघुवीर संस्कृताशी करत होते: जुन्या भाषेचे तुकडे घेऊन नव्या ज्ञानाची यंत्रणा उभारणे. फरक एवढाच की युरोपात शब्द आणि शोध बरोबर जन्मले. इथे शोध आधी आले, त्यांची इंग्रजी नावे रुळली आणि शब्द मागाहून पोचले.

चार भूमिका

रघुवीरांनंतर या प्रश्नावर ज्या भूमिका राहिल्या त्या साधारण चार. पहिली त्यांचीच, घटकवार संस्कृत परिभाषेची. तिचा गुण पारदर्शकता: ‘-मापक’ दिसले की साधन मोजण्याचे, ‘-दर्शक’ दिसले की पाहण्याचे. सूक्ष्मदर्शक, तापमापक, पर्जन्यमापक, चतुष्फलक, गोलाभ हे शब्द या वाटेने आले आणि राहिले. तिच्यावरचा आक्षेप असा की संस्कृत न येणाऱ्याला ती पारदर्शकता दिसतच नाही.

दुसरी भूमिका आंतरराष्ट्रीय शब्द तसेच ठेवण्याची. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला, दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष. मूलद्रव्ये, संयुगे, मापाची एकके, व्यक्तिनामांवरून आलेल्या संज्ञा आणि वनस्पती-प्राण्यांची द्विनामे देवनागरीत जशीच्या तशी घ्यावीत, संकल्पनावाचक शब्दांचे मात्र भाषांतर करावे, असे या आयोगाचे धोरण राहिले. इथे क्षारातु मागे पडून सोडियम परत आले.

तिसरी भूमिका प्रचलित आणि बोलीतल्या शब्दांची. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. त्याच्या ‘पदनाम कोशा’ला ‘बदनाम कोश’ म्हणण्यापर्यंत टीका झाली, आणि त्या टीकेचा गाभा हाच होता की लोकांच्या तोंडी असलेला शब्द डावलून घडवलेला शब्द का लादता. या भूमिकेचे आपल्या भागातले मोठे उदाहरण म्हणजे मारुती चितमपल्ली. कोहमाऱ्याहून जवळच असलेल्या नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहताना त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, जंगलातल्या घडामोडींची नावे तिथल्या माणसांकडून गोळा केली. दुसरीकडे काकागार, सारंगागार यांसारखे संस्कृत घडणीचे शब्दही त्यांनीच रूढ केले. बोली आणि संस्कृत यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, हे त्यांच्या कामातून दिसते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोलीच्या कोशकार्याचाही इथे उल्लेख हवा. पारिभाषिक शब्द शोधणाऱ्यांनी त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

चौथी भूमिका कोणी लिहून मांडलेली नाही, पण ती सर्वांत जास्त चालते. वाक्य मराठी आणि संज्ञा इंग्रजी, म्हणजे ग्रीक. वर्गातही आणि दवाखान्यातही.

मराठी विश्वकोशाचा मार्ग पहिल्या दोन भूमिकांच्या मधला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला झालेल्या या कामात मुख्य खंड निघण्याच्या आधी परिभाषासंग्रह तयार करण्यात आला. पहिला खंड आला १९७६ मध्ये. त्यात ‘ऑक्साइड’ तसेच राहते, पण ‘डायनॅमिक्स’ची गतिकी होते.

घोडे अडते कुठे

सर्वांत यशस्वी प्रत्यय आधी पाहू. ‘-इक्स’ हा ग्रीक ‘-इका’चा वारस: फिजिक्स, डायनॅमिक्स, जेनेटिक्स. मराठीने त्याला ‘-इकी’ दिला आणि भौतिकी, गतिकी, सांख्यिकी, आनुवंशिकी, यामिकी हे शब्द सहज बसले. इतके की ‘इलेक्ट्रॉनिकी’सारख्या परक्या अंगालाही तो लागला. यश का आले, तर ‘-इक’ दोन्हीकडे आधीच होता आणि काम एकच करत होता. अभियांत्रिकीचे मूळ इंग्रजी नाव या जातीचे नाही, तरी मराठीत तिलाही हाच शेवट मिळाला. प्रत्यय जिवंत असल्याची ही खूण.

‘-लॉजी’ची गोष्ट याच्या उलट. तिला मराठीत निदान चार प्रतिशब्द आहेत: जीवशास्त्रात शास्त्र, विश्वकोशाच्या परिस्थितिविज्ञानात विज्ञान, पुरातत्त्वविद्येत विद्या, ज्ञानमीमांसेत मीमांसा. टेक्नॉलॉजीचे तंत्रज्ञान होते, आयडिऑलॉजीची विचारसरणी, एटिमॉलॉजीची व्युत्पत्ती. एकट्या जिऑलॉजीसाठी भूशास्त्र, भूविज्ञान आणि भूगर्भशास्त्र हे तिन्ही शब्द चालतात. एक पक्ष म्हणतो की ‘शास्त्र’ म्हणजे नियमग्रंथ, त्यात धर्मशास्त्रही येते. म्हणून प्रयोगनिष्ठ ज्ञानाला ‘विज्ञान’च म्हणावे, हिंदीशी एकवाक्यताही साधेल. दुसरा पक्ष म्हणतो की मराठीत ‘शास्त्र’ दीडशे वर्षे या अर्थाने वापरले गेले आहे, त्यातून शास्त्रज्ञ आणि शास्त्रीय हे शब्द रुळले आहेत, आणि ‘विज्ञान’ हे ‘सायन्स’साठी राखून ठेवलेले बरे. दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार आहे. लोगोसचा मूळ अर्थ ‘विवेचन’ असल्यामुळे ग्रीक व्युत्पत्ती इथे कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही.

‘-इझम’चे काम त्याहून गुंतागुंतीचे. ग्रीकमध्ये ‘-इझेइन’ शेवटाच्या क्रियापदांपासून क्रियानाम बनवणारा तो प्रत्यय. इंग्रजीत त्याला अनेक कामे लागली: सिद्धान्त, व्यवसाय, रोग, भाषेची लकब. मराठीने ‘वाद’ निवडला तो भारतीय दर्शनांच्या परंपरेतून. सत्कार्यवाद, परिणामवाद हे शब्द आधीचेच. म्हणून मार्क्सवाद, वास्तववाद, स्त्रीवाद, आंबेडकरवाद सहज झाले. पण जर्नालिझमची पत्रकारिता झाली, टूरिझमचे पर्यटन, मेकॅनिझमची यंत्रणा, बुद्धिझमचा बौद्ध धर्म. कॅपिटॅलिझमची तर भांडवलशाही झाली, फारसी ‘शाही’ घेऊन, आणि मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो, कारण तो सिद्धान्ताऐवजी सत्तेचे नाव घेतो. देवरी-सालेकसाच्या लोकांना सोसावा लागलेला ‘नक्षलवाद’ हाही पाहण्याजोगा. पश्चिम बंगालमधल्या एका गावाच्या नावाला इंग्रजी वृत्तपत्रांनी ग्रीक प्रत्यय लावला, मराठीने संस्कृत ‘वाद’ लावला, आणि दोन्हीकडे तो एका सिद्धान्तापेक्षा एका हिंसक परिस्थितीचे नाव होऊन बसला. ‘दहशतवादा’त तर सिद्धान्त मुळातच नाही.

‘-क्रसी’ला मराठीने जे दिले त्यात शुद्धतेचा हिशेब पूर्ण मोडला आहे. लोकशाहीत लोक संस्कृत, शाही फारसी. नोकरशाही पूर्ण फारसी. घराणेशाही, झुंडशाही, हुकूमशाही हे पुढचे शब्द त्याच साच्यातून निघाले. हिंदीच्या ‘लोकतंत्र’पुढे मराठीची ‘लोकशाही’ अजून भक्कम उभी आहे.

वैद्यकातल्या ‘-आयटिस’वर थोडे थांबले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर रुग्णाला अर्थ कळत नाही. ग्रीकमध्ये हा स्त्रीलिंगी विशेषणाचा शेवट होता. आर्थ्रायटिस नोसोस म्हणजे ‘सांध्यांचा रोग’. पुढे ‘रोग’ गळला, विशेषणच नाम झाले आणि आधुनिक वैद्यकात त्याला विशिष्ट प्रकारच्या सुजेचा अर्थ चिकटला. रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशा सुजेची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. मराठीत ‘दाह’ म्हणणाऱ्यांनी यांतली उष्णता धरली, ‘शोथ’ म्हणणाऱ्यांनी सूज. विश्वकोशाच्या नोंदींत आंत्रपुच्छशोथ आणि मस्तिष्कावरणशोथ आढळतात, हिंदीतही शोथच चालतो. मराठी वृत्तपत्रांत आणि आरोग्यविषयक लेखनात दाह अधिक दिसतो. आयुर्वेदात शोथ आणि दाह ही वेगवेगळी लक्षणे आहेत, त्यामुळे वैद्यांना दोन्ही वापर अपुरे वाटतात. अजून यावर एकमत नाही.

‘-एमिया’ आपल्या भागासाठी दूरचा विषय नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचा प्रादुर्भाव आहे, गोंदियाही त्यात येते, आणि गावपातळीवरच्या आरोग्य सेविकेला अ‍ॅनिमिया, थॅलॅसेमिया हे शब्द रोज उच्चारावे लागतात. थॅलॅसेमियात ‘थालासा’ म्हणजे समुद्र आहे. भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांत हा आजार प्रथम ओळखला गेला म्हणून ते नाव. त्याचे शब्दशः भाषांतर करून कोणालाच उपयोग नाही. अ‍ॅनिमियाला मात्र रक्तक्षय आणि पांडुरोग हे दोन शब्द आहेत. पांडुरोग आयुर्वेदातला आहे आणि त्याची व्याप्ती वेगळी आहे. रक्तक्षय ऐकताच कळतो. सरकारी मोहिमेने मात्र ‘अ‍ॅनिमिया’च घेतला. इथे शेवटाच्या सारखेपणाने फसू नये: मलेरियाचा शेवट या कुटुंबातला नाही, तो इटालियनमधल्या ‘वाईट हवे’चा आहे, आणि त्याला हिवताप हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे.

‘-फोबिया’ची अडचण अर्थाच्या फाट्यांची. हायड्रोफोबियात भय आहे, झेनोफोबियात द्वेष आहे, आणि वैद्यकातल्या फोटोफोबियात दोन्ही नाहीत, फक्त उजेड सहन न होणे आहे. मराठीने मानसशास्त्रापुरता ‘भयगंड’ घेतला तो चांगला, पण तो बाकी दोन ठिकाणी चालत नाही.

लोकांनी काय केले

कोशकार वाद घालत असताना बोलणाऱ्यांनी या शेवटांशी स्वतःचा व्यवहार केला, आणि तो अभ्यासकांनी फारसा टिपलेला नाही. पहिली गोष्ट, नको तिथे प्रत्यय गाळला. ‘अपेंडिसायटिस झाला’ असे कोणी म्हणत नाही, ‘अपेंडिक्स झाला’ म्हणतात. टॉन्सिल्सचेही तसेच. अवयवाचे नाव हेच रोगाचे नाव झाले. दुसरी गोष्ट, काही शेवट सुटे होऊन स्वतंत्र शब्द बनले. विजेचे मीटर, गणिताचा फोबिया, ‘कुठलाच इझम नको’, ‘ग्राफ वर गेला’. यांतल्या काहींचा सुटा वापर इंग्रजीतही आहे, पण मराठीत त्यांना विभक्ती लागली, वचन लागले. तिसरी, लिंग ठरले. सोनोग्राफी, पॅथॉलॉजी ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी. फोबिया, अ‍ॅनिमिया आकारान्त म्हणून पुल्लिंगी. तरी ‘घोडा-घोड्याला’सारखे सामान्यरूप त्यांना अजून होत नाही, ‘अ‍ॅनिमियाला’ असेच राहते. घरात आले, पण घरचे झाले नाहीत.

इथे फारसीशी तुलना उपयोगी पडते. ‘-दार’, ‘-खोर’, ‘-गिरी’, ‘-बाजी’, ‘-शाही’ हे परके शेवट आज कोणत्याही मराठी शब्दाला लागतात. भांडखोर, दादागिरी, घराणेशाही म्हणताना आपण फारसी बोलतो आहोत असे वाटत नाही. ग्रीक शेवटांपैकी एकही या पायरीला पोचलेला नाही. मराठी नामाला ‘-लॉजी’ किंवा ‘-इस्ट’ लावून रुळलेला शब्द मला आढळलेला नाही. कारण बहुधा असे की फारसी शब्द शेती, महसूल, लष्कर, बाजार यांतून सामान्य माणसाच्या जिभेवर शतके फिरले. ग्रीक शेवट शिकलेल्यांच्या इंग्रजीतून आले आणि अखंड शब्दातच राहिले. त्याचा परिणामही दिसतो: ‘बायोलॉजी’ घेतली की बायोलॉजिस्ट आणि बायोलॉजिकल हेही इंग्रजीतूनच आणावे लागतात, तर ‘जीवशास्त्र’ घेतले की जीवशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रीय घरीच तयार होतात. भाषांतराच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद माझ्या मते हाच आहे. त्याचा पुरेसा विचार परिभाषेच्या चर्चांत झालेला दिसत नाही.

आज काय उरले आहे

परिस्थिती गेल्या काही वर्षांत पुन्हा हलली आहे. २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याला परवानगी मिळाली, मराठीतूनही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशाने हिंदीतून वैद्यकीय पदवीची पुस्तके काढली. त्यांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिल्या आहेत. म्हणजे ज्या नागपुरात जारक आणि क्षारातु घडले, त्याच जुन्या प्रांताच्या उत्तरेकडच्या वारसाने दुसरे टोक गाठले. तिथल्या समर्थकांचे म्हणणे, विद्यार्थ्याला वाक्य कळले की संज्ञा आपोआप कळते. विरोधकांचे म्हणणे, लिपी बदलल्याने भाषा बदलत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न येईल तेव्हा दोन्ही बाजू पुन्हा मांडल्या जातील. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे चर्चा इथल्या वर्गांपर्यंतही येईल.

न सुटलेले प्रश्न तीन. शास्त्र की विज्ञान आणि दाह की शोथ यांवर भाषा संचालनालय, विश्वकोश आणि विद्यापीठे एकत्र बसलेली नाहीत. दुसरा प्रश्न लेखनाचा. हेपटायटिस, हिपॅटायटीस, हेपाटायटिस असे एकाच रोगाचे तीन-तीन स्पेलिंग दिसतात. ‘डायबेटिस’ आणि ‘हेपटायटिस’ यांचे शेवट देवनागरीत सारखे भासतात, प्रत्यक्षात डायबेटिसमध्ये ‘-आयटिस’ हा प्रत्ययच नाही. संज्ञा देवनागरीतच ठेवायच्या असतील तर निदान प्रत्ययांचे लेखन तरी प्रमाणित असले पाहिजे. तिसरा प्रश्न सीमेवरच्या मुलांचा. हिंदीशी सारखी परिभाषा असावी की मराठीची वेगळी, याचे उत्तर मुंबई-पुण्यात बसून एक येते आणि गोंदिया-बालाघाटच्या सीमेवर दुसरे.

माझा कल स्पष्ट सांगतो. एका ग्रीक शेवटाला एकच मराठी शेवट हा नियम विषयाच्या आत पाळावा, विषयांबाहेर ताणू नये. वैद्यकात ‘-आयटिस’ला एक शब्द ठरवावा, साधनांना मापक आणि दर्शक, शाखांना ‘-इकी’. बाकी ठिकाणी शब्दाचा अर्थ पाहून शब्द द्यावा, आणि बोलीत आधीच शब्द असेल तर तो पहिला.

पण कोणतीही बाजू जिंकली तरी एक काम त्याआधी होऊ शकते. या जिल्ह्यात तेंदूपत्त्याचा हंगाम घरोघरी माहीत असतो. तेंदूचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, त्यातले मेलानोस म्हणजे काळे आणि झायलॉन म्हणजे लाकूड. भेरा हे दुसरे ओळखीचे झाड, त्याच्या क्लोरोझायलॉन या नावातही तेच लाकूड आहे, पुढचे पद तेवढे रंगाचे. ही दोन नावे शेजारी ठेवून दाखवली तर आठवीतले मूल पुढचे ‘-झायलॉन’ स्वतः ओळखेल. बालभारतीने आठवी ते दहावीच्या विज्ञान पुस्तकांच्या शेवटी तीस-चाळीस ग्रीक-लॅटिन घटकांची, त्यांच्या मराठी अर्थांची आणि परिसरातल्या उदाहरणांची दोन पाने द्यावीत. मराठी माध्यम, सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी, तिन्ही वर्गांना ती सारखीच लागतील, आणि त्यासाठी कोणत्याही वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.